जर्मनीतल्या नोकरीसाठी रेफरल मागताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात जावा बॅकएंडवर सहा वर्षं काम झालंय, जर्मनीत यायचंय, पण वेबसाइटवरून टाकलेल्या अर्जांना उत्तरच येत नाही. तर रेफरलशिवाय, म्हणजे कंपनीत आधीच काम करणाऱ्या कुणी शिफारस केल्याशिवाय, इथे नोकरी लागते का? आणि ‘बाकीचे आपल्या माणसांना लावून घेतात, मराठी माणूस मेसेजला उत्तरही देत नाही’ हे खरं का? मी म्युनिकमध्ये सॉफ्टवेअर कंपनीत आहे, काही जणांना रेफर केलंय आणि रेफरलने आलेल्यांच्या मुलाखतीही घेते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

रेफरलशिवाय लागते. माझी तशीच लागली. पण भारतातून आलेला अर्ज म्हटला की रिक्रुटरला आधी व्हिसा, डिग्रीची मान्यता आणि तुमचा लांबलचक नोटीस पीरियड दिसतो, आणि सीव्ही मागे पडतो. रेफरल असला तर तो निदान उघडून वाचतात. बस, एवढंच. कोडिंगची फेरी तीच, प्रश्न तेच, पगाराची घासाघीसही तीच. वशिल्याची सवय असलेल्यांना हे पचायला जड जातं.

आता रेफर करणाऱ्याच्या खुर्चीत बसून बघा. आमच्या फॉर्ममध्ये पहिलाच प्रश्न असतो: या व्यक्तीला कसे ओळखता, एकत्र काम केलंय का? तिथे ‘लिंक्डइनवर मेसेज आला’ असं लिहिलं तर तो रेफरल असून नसल्यासारखा. दोन-तीन कच्चे उमेदवार पाठवले की चौथ्या वेळी एचआर रेफर करणाऱ्याचं नाव बघून मान हलवते आणि पुढे जाते. उमेदवार लागला तर रेफर करणाऱ्याला बोनस मिळतो, पण तो पगारासारखाच धरला जातो, कर कापून हातात येतो. शिवाय बऱ्याच कंपन्या सगळा किंवा अर्धा बोनस तुमचं प्रोबेशन संपल्यावरच देतात, आणि इथलं प्रोबेशन सहा महिन्यांपर्यंत असतं. त्या काळात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर कुणालाही घरी पाठवता येतं. तेव्हा अनोळखी माणसाला उत्तर न देणं यात मराठीपणाचा काही संबंध नाही.

पैशाने हे काम होत नाही याचं चांगलं उदाहरण गूगलचं आहे. तिथले माजी मनुष्यबळ प्रमुख लास्लो बॉक यांनी ते सांगितलंय. रेफरल कमी पडायला लागले म्हणून त्यांनी बोनस २,००० डॉलरवरून ४,००० केला, काही फरक पडला नाही. मग रेफर झालेल्या उमेदवाराला ४८ तासांत फोन आणि रेफर करणाऱ्याला दर आठवड्याला खबर, अशी पद्धत बसवली. लोक खूश झाले, पण आकडा हलला नाही. हलला तो प्रश्न बदलल्यावर. ‘कुणी ओळखीचं आहे का?’ ऐवजी ‘तुम्ही ज्यांच्याबरोबर काम केलंय त्यांतला अमुक कामातला सर्वांत चांगला माणूस कोण?’ असं विचारल्यावर. मोघम प्रश्नाला माणसाला नाव आठवत नाही. तुमच्या ‘प्लीज रेफर मी’लाही हेच लागू.

मग विचारायचं कुणाला? मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने बॉस्टनजवळच्या न्यूटनमध्ये, ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना विचारलं होतं की तो ओळखीचा माणूस तुम्हाला किती वेळा भेटायचा. नेहमी भेटणारे शंभरात सतराच्या आसपास निघाले, बाकीचे अधूनमधून किंवा क्वचितच भेटणारे. हे १९७३ साली छापून आलं. तेव्हा मावसभाऊ आणि महाराष्ट्र मंडळातले काका बाजूला ठेवा (घर शोधताना मात्र काकांनाच धरा). सहा वर्षांत तुमच्या टीममधून सोडून गेलेल्यांची यादी काढा. त्यांतला कुणी बर्लिनला, कुणी आइंडहोव्हनला असेलच. त्याने तुमचा कोड पाहिलेला आहे, त्यामुळे त्या फॉर्ममध्ये त्याला खरं काहीतरी लिहिता येतं.

विकत मिळणाऱ्या रेफरलच्या वाटेला जाऊ नका. ‘इतके हजार द्या, सीव्ही आत टाकतो’ म्हणणारे टेलिग्रामवर आहेत. पकडला गेला तर त्याची नोकरी जाते आणि तुमचं नाव त्या कंपनीत कायमचं खराब होतं.

आणखी एक, हे कुणी सांगत नाही: आधी वेबसाइटवर अर्ज टाकून मग रेफरल मागू नका. बहुतेक ठिकाणी तुमचं नाव सिस्टिममध्ये आधीच असलं, एजन्सीमार्फत का असेना, की रेफरल धरत नाहीत. आणि तुमची माहिती परस्पर कुणाला द्यायची नाही हा युरोपचा नियम कडक आहे. म्हणून ‘माझा सीव्ही तुमच्या एचआरला द्यायला माझी संमती आहे’ हे वाक्य स्वतःहून लिहा.

मेसेज छोटा ठेवा: नेमकी कोणती जागा आणि तिचा नंबर, दोघांनी मिळून केलेलं कोणतं काम, डिग्री आणि कॉलेज अनाबिनवर (परदेशी पदव्यांची जर्मनीतली मान्यता दाखवणारा डेटाबेस) तपासल्याचा निकाल, कधी रुजू होऊ शकाल. जर्मन किती येतं तेही खरं सांगा, ए२ असेल तर ए२.

तुम्ही शेवटी विचारलंय की मी रेफर करीन का. नाही करणार, आपण एकत्र काम केलेलं नाही. सीव्ही पाठवा मात्र, लाल पेन घेऊन वाचते.