निवासी शाळेतून वाचलेले रुग्ण आणि फॅमिली डॉक्टर

प्रश्न : मी कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात फॅमिली डॉक्टर म्हणून नुकतीच काम करू लागले आहे. माझे काही मूलनिवासी रुग्ण मधुमेहासाठी येतात, पण ठरलेल्या वेळा चुकवतात आणि तोंडाची किंवा ओटीपोटाची तपासणी करू देत नाहीत. निवासी शाळेत त्यांच्यावर अत्याचार झाले होते का, हे मी सरळ विचारावे का?

उत्तर : पहिल्या भेटींत तरी विचारू नये, आणि न विचारल्याने उपचारांत फारसे अडतही नाही. मूलनिवासी मुलांना कुटुंबापासून तोडून त्यांची भाषा आणि संस्कृती पुसण्यासाठी सरकार आणि चर्च मिळून या शाळा चालवत. फर्स्ट नेशन्स, इन्युइट आणि मेटी या मूलनिवासी समाजांतील सुमारे दीड लाख मुले तेथे ठेवली गेली आणि शेवटच्या शाळा १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात बंद झाल्या, म्हणजे चाळिशीतला रुग्णही तेथे राहिलेला असू शकतो. तेव्हा ही शक्यता मनात धरून प्रत्येकाशी सारख्याच काळजीने वागणे अधिक शहाणपणाचे. या शाळांतील माजी विद्यार्थ्यांशी २००६मध्ये सरकार आणि चर्च यांनी केलेल्या समझोत्यानंतर भरपाई मिळवण्यासाठी अनेकांना सुनावणीत अत्याचारांचा तपशील सांगावा लागला. तीच उलटतपासणी आपल्या खोलीत पुन्हा कशाला हवी?

तपासणीला नकार मिळतो, त्यामागे वैद्यकाचा स्वतःचा इतिहासही आहे. १९४८ ते १९५२ या काळात सहा निवासी शाळांत मुलांवर पोषणाचे प्रयोग झाले आणि हिरड्यांवरील परिणाम मोजता यावेत म्हणून काही ठिकाणी त्यांचे दातांचे उपचार रोखून धरले गेले. अशा पिढीतील माणसाने तोंड उघडण्यास नकार दिला, तर त्याला ‘असहकार’ म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

म्हणून तपासणीची सूत्रे रुग्णाच्या हाती द्यावीत. काय करणार आणि का, हे कपडे अंगावर असतानाच सांगावे, प्रत्येक टप्प्यावर संमती घ्यावी, हात वर केला की थांबायचे असे ठरवावे आणि खरोखरच थांबावे. दाराजवळची खुर्ची हवी का, सोबत कोणी हवे का, हे विचारावे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या चाचणीसाठी स्वतःच नमुना घेण्याची सोय आपल्या प्रांतात २०२४पासून आहे. ती आपणहून सुचवावी. वेळ चुकली म्हणून यादीतून नाव काढू नये. फोन करावा आणि पुढची वेळ जरा मोठी द्यावी.

मात्र प्रत्येक लक्षण भूतकाळाच्या खात्यावर टाकणे हीदेखील चूकच आहे. २००८मध्ये ब्रायन सिंक्लेअर या मूलनिवासी रुग्णाचा विनिपेगमधील रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात ३४ तास ताटकळून मृत्यू झाला. आजार मूत्राशयाच्या संसर्गाचा, म्हणजे उपचाराने बरा होण्याजोगा होता, पण ते नशेत असावेत किंवा नुसतेच आसऱ्याला आले असावेत, असा काही कर्मचाऱ्यांचा समज होता. छातीत दुखते म्हणणाऱ्याचा ईसीजी काढायचाच, मग फाईलवर पूर्वीच्या दारूची नोंद असो वा नसो.

निवासी शाळांचा इतिहास तपासणाऱ्या सत्य आणि सलोखा आयोगाने २०१५मध्ये मांडलेल्या ९४ आवाहनांपैकी बाविसावे असे, की मूलनिवासी रुग्णाने मागणी केल्यास उपचारांत त्यांच्या पारंपरिक वैद्यांचे आणि ज्येष्ठांचे साहाय्य घ्यावे. यात ‘मागणी केल्यास’ ही अट महत्त्वाची आहे, कारण शाळेतील धार्मिक शिस्तीत वाढलेल्या काहींना ते नकोही असते. शाळेत राहिलेल्यांसाठी आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी समुपदेशन, ज्येष्ठांचा आधार आणि त्यासाठीचा प्रवास यांना साहाय्य करणारी केंद्र सरकारची योजना आहे. तिची माहिती दवाखान्यात सर्वांना दिसेल अशी लावावी, म्हणजे कोणाला वेगळे निवडल्यासारखे होणार नाही.

रुग्ण आपणहून बोलू लागला, तर मध्ये न तोडता ऐकावे, त्याच्यावर विश्वास असल्याचे स्पष्ट सांगावे, तपशील खोदू नयेत आणि फाईलमध्ये किती लिहायचे हे त्यालाच विचारावे. आज एखाद्या मुलाला धोका असल्याचे समोर आले, तर कायद्याने ते कळवणे आपल्याला भाग आहे. गोपनीयतेची ही मर्यादा त्याने सांगायला सुरुवात करण्यापूर्वी त्याच्या कानावर घालावी.