हवा स्वच्छ झाली, मग कोरोना का पसरला?

प्रश्न: २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आकाश निळंशार झालं होतं, वर ऊनही कडक, तरी केसेस वाढतच राहिल्या. प्रदूषणाने कोरोना वाढतो, उन्हाने मरतो, हे सगळं खोटं होतं का?

उत्तर: अगदीच खोटं नव्हतं हो, पण बाहेरची हवा आणि आपण श्वास घेतो ती खोलीतली हवा यात सगळ्यांनीच गल्लत केली. गाड्या थांबल्या तसा नायट्रोजन डायऑक्साइड झपाट्याने उतरला, कारण तो मुख्यतः धुरातून येतो आणि हवेत फार टिकत नाही. पीएम २.५, म्हणजे हवेतले अतिसूक्ष्म कण, तेवढे उतरले नाहीत, जमिनीलगतचा ओझोन, जो प्रदूषकच आहे, तो तर बऱ्याच शहरांत वाढला, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये बीजिंगमध्ये बरंचसं बंद असूनही दाट धुरकं साचलं कारण वारा पडलेला आणि हवेत दमटपणा.

उन्हाचं म्हणाल तर कडक उन्हात हवेतला व्हायरस काही मिनिटांत निकामी होतो, हे प्रयोगांत दिसलंय. पण लागण होत होती ती बहुतेक बंद दाराआड! मार्च २०२० मध्ये अमेरिकेतल्या स्कॅजिट काउंटीत एका गायनवृंदाची अडीच तासांची प्रॅक्टिस झाली, ६१ जण आलेले, त्यातल्या एकाला आधीपासून सर्दीसारखी लक्षणं, आणि पुढे कन्फर्म आणि संशयित धरून ५३ जण आजारी पडले, दोघं गेले. गाताना तोंडातून उडणारे बारीक कण बंद हॉलमध्ये तरंगत राहतात, तिथे बाहेर कितीही ऊन असो, काय फरक पडणार? आणि ब्राझीलमधलं, ॲमेझॉनच्या जंगलातलं मनाऊस शहर तर बारमाही उष्ण आणि दमट, तरी एप्रिल-मे २०२० मध्ये तिथे सामूहिक कबरी खोदाव्या लागल्या. उन्हाळा आला की संपेल म्हणणाऱ्यांचं तेव्हाच ऐकायला नको होतं, असं मला ठामपणे वाटतं.

प्रदूषणाचा संबंध आहे तो वर्षानुवर्षांचा. फुफ्फुसं आणि हृदय आधीच कमजोर झालेली असली की आजार जास्त गंभीर होतो, आणि ते नुकसान चार-सहा आठवड्यांच्या निळ्या आकाशाने भरून निघत नाही. फक्त दाट वस्तीच्या शहरात प्रदूषणही जास्त आणि गर्दीही जास्त, म्हणून नुसते आकडे शेजारी ठेवून कारण सापडलं म्हणू नका.

घरात कोणी आजारी असेल तर समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवा. स्प्लिट एसी बहुतेक वेळा तीच हवा फिरवत बसतो, त्याच्या भरवशावर राहू नका. बाहेर धुरकं असेल तर हेपा फिल्टरचा (अतिबारीक कण अडवणाऱ्या गाळणीचा) प्युरिफायर लावा, तो धुराचे आणि व्हायरसवाले असे दोन्ही कण पकडतो.