येताना बोटीनं यायचं, मग तिकीट कसं काढायचं?

खानापूरच्या एका रिटायर्ड सरांचा मोठा प्रश्न आलाय, थोडक्यात सांगतो. सर ६३ वर्षांचे, काकू ५९. मुलगी-जावई न्यू जर्सीत एडिसनला असतात. नोव्हेंबरच्या शेवटी जायचं, एप्रिलपर्यंत राहायचं आणि येताना विमानानं न येता फ्लोरिडाहून बार्सिलोनाला जाणारी १४ रात्रींची क्रूझ घ्यायची असं सरांनी ठरवलंय. बोट ११ एप्रिलला सुटते, २५ ला पोचते. माणशी ९०० डॉलर, टॅक्स धरून, खिडकी नसलेली केबिन. एजंटनं मुंबई-नेवार्क वनवे ७४ हजार सांगितलंय, बार्सिलोना-मुंबई वनवे ४६ हजार. साधं रिटर्न १ लाख १२ हजार. सर विचारतात, स्वस्त वनवे कुठे मिळेल, आणि सोसायटीतली, म्हणजे पतसंस्थेतली, एफडी मोडू का? शिवाय एक वाक्य आहे, "परतीचं तिकीट वाचतंय म्हणजे क्रूझ जवळजवळ फुकटच पडली की."

सर, त्या शेवटच्या वाक्यावर येतो नंतर.

बोट स्वस्त का, ते आधी सांगतो, कारण एवढं स्वस्त बघून काहीतरी फसवणूक असणार असं पुष्कळांना वाटतं. फसवणूक नाही. ही जहाजं थंडीत कॅरिबियनमध्ये फिरतात आणि उन्हाळ्यात भूमध्य समुद्रात. एप्रिलमध्ये कंपनीला जहाज तिकडे न्यायचंच असतं, रिकामं नेण्यापेक्षा कमी भाड्यात भरून नेलेलं परवडतं, रिपोझिशनिंग म्हणतात त्याला. ऊस टाकून रिकामा परत येणारा ट्रॅक्टर वाटेत माणसं घेतो, तसंच. पण या बोटी एकाच बाजूनं जातात, म्हणून तुम्हाला वनवे तिकिटं लागायला लागली, आणि क्रूझमध्ये वाचलेले पैसे लोक त्या तिकिटांतच घालवतात.

मोठ्या एअरलाइनचं वनवे म्हणजे रिटर्नचं अर्धं असं आपल्याला वाटतं, एसटीच्या हिशोबानं. तसं नसतं. लांबच्या रूटवर त्यांचे स्वस्त दर बहुतेक रिटर्नला असतात, वनवे घेणारा म्हणजे अडलेला किंवा कंपनीच्या पैशानं जाणारा असं धरून त्याला महागाचं लावतात. इंडिगोसारख्या कंपन्या प्रत्येक बाजूचं भाडं वेगळं धरतात, तिथे वनवेचा भुर्दंड नाही, पण तुमच्या रूटवर त्या नादाला लागलात तर दोन-तीन तुकडे जोडत बसावं लागेल, आणि बॅगांसकट ते नको.

तुमच्या कामाचं आहे ते मल्टी-सिटी. एअरलाइनच्या साइटवर वनवे आणि रिटर्नच्या शेजारीच तो पर्याय असतो. जाताना मुंबई ते नेवार्क, येताना बार्सिलोना ते मुंबई, एकाच कंपनीकडे, एकाच तिकिटावर. मधलं नेवार्क ते बार्सिलोना तुम्ही कसं गेलात याच्याशी त्यांना घेणं नाही. यात भाडं सहसा अर्धं अमेरिका-रिटर्नचं आणि अर्धं युरोप-रिटर्नचं असं धरलं जातं, आणि युरोप जवळ असल्यामुळे ते अर्धं कमीच पडतं. तुमच्या तारखा टाकून मी स्वतः बघितलं, एक स्टॉपवालं माणशी १ लाख ४ हजार दाखवत होतं. म्हणजे दोन वनवे घेतली तर दोघांचे २ लाख ४० हजार, मल्टी-सिटी घेतलं तर २ लाख ८ हजार. ३२ हजारांचा फरक. भाव रोज हलतात, उद्या हाच आकडा नसेल, पण एजंटला "वनवे सांगा" म्हणायचं सोडून "ओपन जॉ सांगा" म्हणा, म्हणजे जायचं एका शहरात आणि परत यायचं दुसऱ्याच शहरातून, लगेच कळेल त्याला.

अजून एक युक्ती कुणीतरी सांगेलच तुम्हाला. रिटर्न स्वस्त असेल तर रिटर्न काढा आणि परतीला जाऊच नका. करतात लोक, पण एअरलाइनच्या अटींत ते बसत नाही, फरकाचे पैसे मागायचा हक्क त्या राखून ठेवतात, मी क्लायंटला सांगत नाही. आणि याच्या उलटं, म्हणजे पहिली बाजू सोडून दुसरी वापरायची, असं तर अजिबात नको. पहिल्या फ्लाइटला माणूस आला नाही की पुढचं सगळं तिकीट कॅन्सल होतं.

खरंखुरं स्वस्त वनवे एकाच ठिकाणी मिळतं, पॉइंट्सवर. पुष्कळ एअरलाइन माइल्सवरचं तिकीट एकेका बाजूनं विकतात, वनवेला रिटर्नच्या बरोबर निम्मे माइल्स. जावयांकडे अमेरिकन क्रेडिट कार्डाचे पॉइंट साठलेले असतील तर ते एअरलाइनकडे वळवून बार्सिलोना-मुंबईची दोन सीटं निघू शकतात, वर टॅक्स तेवढा भरायचा. सीटं कमी असतात, सहा-आठ महिने आधी बघायला लागतं. जावयाकडं मागायचं कसं म्हणाल तर मुलीला विचारू द्या, तुम्ही मधे पडू नका.

आता ते "फुकटच पडली" बघू. दोघांचा हिशोब, डॉलर ९० आणि युरो १०५ रुपये धरून. क्रूझचे १,८०० डॉलर म्हणजे १ लाख ६२ हजार. त्यावर टिप्स. ही आपल्या हॉटेलातली टिप नव्हे, बिलात आपोआप लागते, माणशी रोज १६ ते २० डॉलर. १८ धरले तर ५०४ डॉलर, साधारण ४५ हजार. नेवार्कहून फ्लोरिडाला जायची फ्लाइट, तिथे बॅगेचे वेगळे पैसे, दोघांचे ३२ हजार धरा. फ्लोरिडात एक रात्र साडेतेरा हजार, बार्सिलोनात दोन रात्री २६ हजार. शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या पुष्कळ देशांचा मिळून एकच असतो तो, फी ११ जून २०२४ पासून ९० युरो आहे, सेंटरचा चार्ज धरून दोघांचे २२ हजार. इन्शुरन्स वाढवायला दहा हजार. झाले ३ लाख ११ हजार. मल्टी-सिटी साध्या रिटर्नपेक्षा दोघांत १६ हजारांनी कमी, ते वजा करा. २ लाख ९५ हजार. फुकट नाही सर, तीन लाखांची ट्रिप आहे ही. महाग आहे असं मी म्हणत नाही, १४ दिवस राहणं-खाणं धरून दोघांना तीन लाख म्हणजे वाईट नाही, पण तीन लाख म्हणूनच विचार करा.

बॅगांचं एक. अमेरिकेहून येताना खानापूरचं कुठलं जोडपं हलक्या हातानं आलंय? अमेरिकेच्या तिकिटावर बहुतेक ठिकाणी २३ किलोच्या दोन बॅगा चालतात, पण बार्सिलोना-मुंबईच्या स्वस्त वनवेवर कधी एकच बॅग असते, कधी नुसती हातातली. पाच महिन्यांचं सामान, नातवानं दिलेलं, शेजाऱ्यांना चॉकलेटं, काकूंचा हुकाचा काटा दाखवतोय २६, आणि समोर काउंटरवरची बाई स्पॅनिशमध्ये काहीतरी म्हणतेय, असं व्हायला नको. बोटीवर वजनाची कटकट नसते, कटकट आधी आणि नंतरच्या विमानांत. मल्टी-सिटी काढताना बार्सिलोनाच्या बाजूला किती बॅगा लिहिल्यात तेवढं बघून घ्या, दोन्ही बाजूंना नियम सारखाच असेल असं धरू नका. जाताना कुंदा आणि चटण्यांनी भरलेली बॅग तिकडेच सोडून आलात तरी चालेल.

व्हिसा. ही ट्रिप अडली तर इथेच अडेल, म्हणून जरा सविस्तर. अमेरिकेचा व्हिसा तुमच्याकडे आहे, पण बार्सिलोनाला उतरायला शेंगेन लागतो, आणि तो "तिकडे गेल्यावर बघू" म्हणून चालत नाही, कारण टूरिस्ट म्हणून अमेरिकेत असलेल्याचा अर्ज तिथले युरोपियन कॉन्सुलेट सहसा घेत नाहीत, जिथे राहता तिथूनच करा म्हणतात. म्हणजे निघायच्या आधी इथूनच करायचा. पण प्रवासाच्या सहा महिने आधीपासूनच अर्ज करता येतो, त्याच्या आधी नाही. तुमची बोट वाटेत अझोर्सला, म्हणजे पोर्तुगालला लागते, साधारण १९-२० एप्रिलला. म्हणजे अर्ज २० ऑक्टोबरनंतर, आणि तुम्ही निघणार २५ नोव्हेंबरला. निर्णयाला साधारण १५ दिवस, कधी ४५ सुद्धा लागतात, आणि तोवर पासपोर्ट त्यांच्याकडे. तेव्हा अपॉइंटमेंट ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यातलीच धरा, दिवाळी आहे म्हणून पुढे ढकलू नका. जास्त दिवस स्पेनमध्ये राहणार असाल तर अर्ज स्पेनकडे, आधी पोर्तुगालला उतरलात तरी हरकत नाही. बोट मध्येच मोरोक्कोला लागत असेल तर मल्टिपल एंट्री, म्हणजे एकापेक्षा जास्त वेळा आत येता येईल असा व्हिसा मागा.

म्हणून पैसे भरायचा क्रम असा ठेवा. आधी क्रूझचं डिपॉझिट, तेही रिफंडेबलवालंच, दहा-वीस डॉलर वाचवायला नॉन-रिफंडेबल घेऊ नका. मग व्हिसा, अर्जाला तिकिटाचं रिझर्वेशन चालतं, पैसे भरलेलं तिकीट लागत नाही. व्हिसा हातात आला की मल्टी-सिटी. तोवर भाव चार-पाच हजारांनी चढला तरी चढू दे, व्हिसा नाही मिळाला तर साधं रिटर्न घेऊन ये-जा करता येईल. नेवार्कला इमिग्रेशनवाल्यानं परत कधी जाणार विचारलं तर बोटीचं बुकिंग आणि बार्सिलोना-मुंबईचं तिकीट दोन्ही प्रिंट दाखवा. आय-९४ वर, म्हणजे अमेरिकेत किती दिवस राहता येईल त्या नोंदीवर, सहसा सहा महिने मिळतात, तुम्ही साडेचारात बाहेर पडताय.

इन्शुरन्स भारतात घेतला तर निघायच्या आधीच घ्यायचा, आणि तारीख मुंबईला उतरेपर्यंतची. शेंगेनला निदान ३० हजार युरोचं मेडिकल कव्हर लागतं. पॉलिसीत क्रूझ धरलेली आहे का ते विचारा, बोटीवरचा डॉक्टर बिल डॉलरमध्ये लावतो.

आणि वेगवेगळी तिकिटं जिथे जोडली जातात तिथे एक रात्र सोडा. माझा स्वतःचा किस्सा आहे, बेळगावच्या सांबरा विमानतळावरून मुंबईची सकाळची फ्लाइट, दुपारी पुढची इंटरनॅशनल, तिकिटं वेगवेगळी. सकाळी धुकं, फ्लाइट तीन तास लेट, मुंबईत धावत पोचलो तर काउंटर बंद. पुढच्या कंपनीनं हात वर केले, त्यांचंही बरोबरच होतं म्हणा, त्यांच्या लेखी मी आलोच नव्हतो. ३८ हजार गेले. तेव्हापासून आदल्या रात्री मुंबईत नाहीतर बेंगळुरात. बेंगळुरूहून भाव बरा मिळाला तर वंदे भारत आहेच आता बेळगावहून, पण विमानतळ देवनहळ्ळीला आहे, स्टेशनपासून तासभर धराच. बोट पकडायला मात्र त्याच दिवशी विमानानं जाऊ नका, बोट कुणासाठी थांबत नाही. बार्सिलोनालाही उतरलेल्या दिवशीची फ्लाइट नको.

एफडी मोडू नका. तुम्हीच लिहिलंय ती डिसेंबरात मॅच्युअर होते. क्रूझचे बाकीचे पैसे बहुतेक निघायच्या ९० दिवस आधी भरायचे असतात, म्हणजे जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात. नोव्हेंबरात लागतील ते तिकिटाचे २ लाख ८ हजार, आणि सेव्हिंगला सव्वादोन लाख रिटर्न तिकिटासाठीच ठेवलेत तुम्ही. बसतंय की सगळं. डिसेंबरात तुम्ही तिकडे असाल, तेव्हा मॅच्युरिटीची रक्कम बँकेच्या खात्यात जमा करायचं पत्र जायच्या आधी सोसायटीत देऊन ठेवा, नाहीतर आपोआप रिन्यू होऊन बसेल. आणि हे विचारलं नाहीत तरी सांगतो, निवृत्तीचे ११ लाख एकाच सोसायटीत आहेत ते मला बघवत नाही. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. आल्यावर या एकदा ऑफिसला.

एजंटकडून विमान आणि क्रूझ एकत्र पॅकेज घेतलं तर टीसीएस, म्हणजे एजंटनं आधीच गोळा करायचा टॅक्स, कापला जाईल. तो बुडत नाही, इन्कम टॅक्सचं रिटर्न भरल्यावर परत मिळतो, पण पेन्शनवाल्याचे पैसे तेवढे महिने अडकतात. नुसतं विमानाचं तिकीट पॅकेजमध्ये येत नाही. म्हणून तिकीट इथून काढा, क्रूझ मुलीला तिकडून बुक करू दे, प्रवासी भारतात राहतात हे फॉर्मवर खरं लिहून, आणि तिला पैसे इथून बँकेतून पाठवा. १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाखांपर्यंत अशा पैशांवर टीसीएस नाही. ती घेणार नाही म्हणा, पण तुम्ही पाठवा.

माझं मत विचाराल तर जावा. पण मल्टी-सिटी माणशी १ लाख १५ हजारांच्या वर गेलं, किंवा नोव्हेंबरच्या वीस तारखेपर्यंत व्हिसा आला नाही, तर डिपॉझिट परत घ्या आणि साधं रिटर्न काढा.

एकच गोष्ट कळली नाही सर. एवढ्या मोठ्या पत्रात बोट कुठली, केबिन कुठली, डेक कितवा सगळं आहे, काकूंना काय वाटतं ते कुठेच नाही. सलग सात-आठ दिवस चारी बाजूंनी नुसतं पाणी, खिडकी नसलेली खोली, आणि १४ पैकी सहा रात्री घड्याळ एकेक तास पुढे, झोप कमी. चोर्ला घाटात त्यांना गाडी लागते का? लागत असेल तर आधी मुंबईहून एखादी छोटी क्रूझ करून बघा, मग डिपॉझिट भरा.