वडील किडकिडीत, जन्मभर वावरात राबले; तरी शुगर कशी निघाली? स्नायूंतले मायटोकॉन्ड्रिया बिघडले म्हणून का?

अर्धं खरं आहे. मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीच्या आतल्या, अन्नातून ऊर्जा काढणाऱ्या बारीक भट्ट्या. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातला निवृत्त विज्ञान शिक्षक, स्वतः शुगरवाला, त्यामुळे यावर बरंच वाचलं.

जेवणानंतर रक्तातली बरीचशी साखर स्नायू उचलतात. इन्सुलिनचा इशारा मिळाला की पेशीच्या आतलं ग्लूट-4 हे प्रथिन पृष्ठभागावर येतं आणि साखर आत घेतं. इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणजे तुतारी टोचूनही बैल जागचा हलत नाही, तसं.

2004 साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संशोधकांनी मधुमेही आईबापांची सडपातळ तरुण मुलं तपासली. इन्सुलिनला दाद न देणाऱ्या या मुलांच्या स्नायूंत मायटोकॉन्ड्रियाचं काम सुमारे 30 टक्के मंद होतं आणि तंतूंत चरबी साचली होती. ही चरबी इन्सुलिनचा इशारा मधेच अडवते. तुम्ही ऐकलेली गोष्ट इथूनच आली असावी.

पण 2008 मध्ये अमेरिकेतल्याच मेयो क्लिनिक या रुग्णालयाने भारतीयांचे स्नायू तपासले, तर इन्सुलिनला प्रतिसाद कमी, आणि मायटोकॉन्ड्रियाची क्षमता मात्र गोऱ्या अमेरिकनांपेक्षा कमी नाही! म्हणजे सगळा दोष मायटोकॉन्ड्रियाच्या माथी मारता येत नाही. आपल्यात अंगकाठी बारीक असूनही चरबी जास्त असते. मधुमेहाचे दोन संशोधक, पुण्याचे डॉ. याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. युडकिन, यांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) सारखाच, 22.3, शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2.

आणि राबण्याचं म्हणाल तर, माझ्याच घरी डवरणीची (कोळपणीची) बैलजोडी गेली, ट्रॅक्टर आला, तणनाशक आलं, वावरात जायचं तेही मोटरसायकलवर. तुमच्या वडिलांची मागची दहा-पंधरा वर्षं कशी गेली, ते विचारून पाहा.

कामाची गोष्ट अशी की स्नायू हलला की ग्लूट-4 इन्सुलिनशिवायही वर येतं, आणि त्यानंतर दिवस-दोन दिवस स्नायू इन्सुलिनला जास्त दाद देतो. म्हणून आठवड्यातून एकदा दहा किलोमीटर तुडवण्यापेक्षा रोज थोडं बरं. नेमाने केलं तर मायटोकॉन्ड्रियाची प्रथिनंही वाढतात, म्हातारपणीसुद्धा. गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने बंद करू देऊ नका, आणि शुगर एकदम उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर खिशात साखरेची पुडी ठेवायला सांगा.

मी रात्री जेवून पांदणीने मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन येतो. पावसाळ्यात साप-विंचवाच्या भीतीने ओसरीतच चकरा मारतो. घरचे हसतात, हसू द्या.