सर्वसाधारण सभेने ठराव करूनही कंत्राटी सफाई कामगार कायम का होत नाहीत? नगरपरिषदेला पगार ठरवायचा अधिकार असतो का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की तुमच्या गावच्या नगरपरिषदेने एकमताने ठराव केला, पेढे वाटले, वर्ष उलटलं आणि मुख्याधिकारी हलत नाहीत. मुख्याधिकाऱ्याला खलनायक ठरवून तुम्ही मोकळे झालात. मी एका क वर्ग नगरपरिषदेत एकोणतीस वर्षं लिपिक होतो, त्यातली बरीचशी आस्थापना विभागात, म्हणजे नोकरवर्ग आणि पगाराच्या कामात. असे ठराव मी माझ्या हाताने इतिवृत्तात लिहिलेत. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, ठराव सर्वानुमते मंजूर. हात वर करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं की याचं पुढे काही होणार नाही. फुकटचं पुण्य असतं ते.

कारण साधं आहे. पद निर्माण करणं सभेच्या हातात नसतं. आकृतिबंध, म्हणजे कोणती पदं किती याचा तक्ता, शासन मंजूर करतं, वेतनश्रेणी शासन ठरवतं. १९९९ मध्ये नगरपालिकांची जकात गेली तेव्हापासून कायम कर्मचाऱ्यांचा पगार बऱ्याच अंशी शासनाच्या सहायक अनुदानावर चालतो, आणि ज्याचं अनुदान त्याचा शब्द. सातवा वेतन आयोगसुद्धा आम्हाला सभेने दिला नाही, २०१९ मध्ये शासनाने दिला. त्यात २००६ चा सर्वोच्च न्यायालयाचा उमादेवी निकाल आहे. मागच्या दाराने घेतलेला माणूस नुसती वर्षं भरली म्हणून कायम होत नाही, असं त्यात म्हटलंय, आणि प्रत्येक मुख्याधिकाऱ्याच्या टेबलावर तो तयार असतो. वरून १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाचं कलम ३०८, म्हणजे जिल्हाधिकारी ठराव तहकूब करायला मोकळे. तुमच्या मुख्याधिकाऱ्याने अंमलबजावणी केली असती तर उद्या वसुली त्याच्या पगारातून निघाली असती.

पण म्हणून ‘सभेच्या हातात काहीच नाही’ असं कुणी म्हणालं तर तेही ऐकून घेऊ नका. पगाराचा खरा निर्णय सभा घेते. तो कायम करण्याच्या ठरावात नसतो, ठेक्याच्या निविदेत असतो. तिथे पेढे वाटत नाहीत म्हणून लक्ष जात नाही.

आमच्याकडे २०१२ मध्ये बावन्न रोजंदारी सफाई कामगार होते. पहाटे साडेपाचला दवाखान्यामागच्या हजेरी शेडमध्ये मुकादम मस्टर उघडायचा. मस्टरवर सतरा नंबरला एक मावशी होत्या. त्या कामाला लागल्या जून १९९३ मध्ये. नगरपालिकेत काम केलेल्यांना हे वाचून कळलं असेल. १० मार्च १९९३ ही तारीख आमच्याकडच्या रोजंदारी माणसाला स्वतःच्या जन्मतारखेपेक्षा पाठ असते. त्याआधीचे कायम झाले, नंतरचे लटकले. मावशी तीन महिन्यांनी हुकल्या. पुढे नंतरच्यांच्याही याद्या मागवल्या गेल्या, पण त्यांचं नाव तोवर आमच्या कागदावर राहिलं नव्हतं.

झालं असं की जानेवारी २०११ मध्ये भविष्य निर्वाह निधीचा कायदा नगरपरिषदांना लागू झाला. रोजंदारीवाल्यांचा पीएफ आता आपल्याला भरावा लागणार, त्यापेक्षा सगळं काम ठेक्याने देऊ, अशी कल्पना आरोग्य समितीच्या सभापतींनी मांडली. हे सभापती म्हणजे माझे सख्खे साडू. आस्थापना खर्च मर्यादेबाहेर गेलाय, ऑडिटचा आक्षेप आहे, असं त्यांचं म्हणणं. आक्षेप होता हे खरं.

निविदेचं अंदाजपत्रक मीच केलं. शंभर रुपयांतले नव्वद किमान वेतन आणि पीएफचा हिस्सा, दहा ठेकेदाराचा नफा. निविदा उघडल्या तेव्हा सर्वांत कमी दर अठरा टक्के बिलो आला. शंभराचे ब्याऐंशी! ठेकेदाराने नफ्याचा एक पैसा घेतला नाही तरी कामगाराच्या नव्वदमधले आठ कमी पडतात, आणि ठेकेदार काही धर्मशाळा चालवत नव्हता. मी टिपणीत सरळ लिहिलं, ‘प्राप्त न्यूनतम दरातून किमान वेतन अदा होणे शक्य दिसत नाही.’ अधीक्षकांनी त्या ओळीखाली लाल पेनाने रेघ ओढली आणि फाइल परत पाठवली. मी विचारायला गेलो तर म्हणाले, ‘‘अहो भाऊसाहेब, टिपणी लिहायला सांगितलीय, अग्रलेख नाही.’’

मी ती ओळ काढली. ‘दर वाजवी असल्याने मंजुरीस्तव सविनय सादर’ असं लिहिलं आणि सही केली. लाल रेघेचा कागद अजून माझ्या घरी एलआयसीच्या फायलीत आहे. बायको विचारते, कशाला ठेवलाय. काय सांगणार?

ठेका सुरू झाला. माणसं तीच, झाडू तेच, हजेरी शेड तेच, मुकादमही आमचाच. फक्त मस्टरवर ठेकेदाराचा शिक्का. तीन वर्षांनी मावशी माझ्या टेबलापाशी आल्या. मुलीचं लग्न ठरलं होतं, पीएफ काढायचा होता, आणि पीएफ ऑफिसात खात्यावर पाचच महिन्यांचे पैसे दिसत होते. दर महिन्याला बारा टक्के कापल्याच्या चिठ्ठ्या त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत सांभाळून ठेवल्या होत्या. त्यांनी ती पिशवी टेबलावर पालथी केली. म्हणाल्या, ‘‘भाऊसाहेब, त्याच्या बिलावर सही तर तुमचीच असते ना?’’

असायची. देयकासोबत पीएफ भरल्याचं चलन जोडलेलं आहे, हे तपासून कोपऱ्यात सही मी करायचो. त्या दिवशी सगळी बिलं काढून बसलो. एकाच चलनाची झेरॉक्स कितीतरी महिन्यांना जोडलेली होती, महिन्याच्या जागी व्हाइटनर लावून वर नवा महिना लिहिलेला. मी चलन आहे एवढंच बघत आलो होतो.

मग वर लिहिलं. यावेळी ओळ काढली नाही. ठेकेदार पैसे देत नसेल तर मूळ मालकाने द्यायचे आणि ठेकेदाराकडून वसूल करायचे, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात कलम २१(४) मध्ये स्पष्ट होतं. मूळ मालक म्हणजे आम्हीच, आणि पीएफ थकला तर तीही जबाबदारी फिरून आमच्यावरच येते. ठेकेदाराच्या अनामत रकमेतून आणि अडवलेल्या बिलातून पैसे भरायला पावणेदोन वर्षं लागली. लग्न तोवर व्याजाच्या पैशाने होऊन गेलं होतं.

आता साडूंबद्दल. ते प्रत्येक लग्नात, मुंजीत, अगदी दहाव्यालाही सांगतात, ‘‘साडूभाऊ, काही म्हणा, आपण पालिकेचे वर्षाला वीस लाख वाचवले.’’ दहा वर्षं ऐकतोय. अहो, वाचवले कुठे? रोजंदारीचा खर्च आस्थापनेच्या लेखाशीर्षातून उचलला आणि घनकचऱ्याच्या ठेक्याखाली टाकला. त्यामुळे आस्थापना खर्चाची टक्केवारी उतरली, ऑडिटवाले गप्प बसले. उरला तो दरातला फरक. तो सतरा नंबरच्या मावशीच्या चिठ्ठ्यांत होता. बचत या शब्दाला मराठीत दुसरा एक शब्द आहे, पण नातं सांभाळायचं असल्याने इथे लिहीत नाही.

दुसरं नुकसान तर कुणी मोजतच नाही. लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे १९७५ पासून सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळत आली. पण ठेका आला की कायम माणूस निवृत्त झाल्यावर त्याचं पद व्यपगत, म्हणजे रद्द, होत जातं. पद नाही तर वारसा कशाचा? लाड-पागेच्या नावाने मोर्चा काढणारे नगरसेवकच ठेक्याला हात वर करतात, हे मी व्यासपीठाच्या बाजूच्या टेबलावरून पाहिलंय.

तेव्हा तुम्ही त्या ठरावाचा नाद सोडा. कामगारांना खरंच कायम व्हायचं असेल तर रस्ता औद्योगिक न्यायाधिकरणाचा आहे. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाने तोच धरला आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात २,७०० कामगारांची बाजू टिकली. तिथे मुद्दा असा लागतो की ठेका नावापुरता आहे, खरा मालक पालिकाच. म्हणून आधी हे शोधा की हजेरी कोण घेतं, रजा कोण मंजूर करतं, कोणत्या गल्लीत कुणी जायचं हे कोण सांगतं. पालिकेचा मुकादम असेल तर त्या मस्टरची किंमत शंभर ठरावांहून जास्त. आणि पुढची निविदा निघेल तेव्हा सभेत एवढंच मागा, की किमान वेतन आणि पीएफच्या रकमेवर बिलो चालणार नाही, स्पर्धा फक्त सेवाशुल्कावर, म्हणजे ठेकेदाराच्या नफ्यावर. हा अधिकार सभेला आहे. तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचं उत्तर हेच.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. २०१६ चा सर्वोच्च न्यायालयाचा जगजीत सिंग निकाल, समान कामाला समान वेतन, तात्पुरत्या आणि रोजंदारी माणसांना उपयोगी पडतो. मधे ठेकेदार असेल तर तो जसाच्या तसा लागत नाही, तेव्हा त्यावर विसंबू नका. आता नव्या कामगार संहिता आल्यात, त्यामुळे मी दिलेला कलमाचा क्रमांक वकिलाकडून तपासून घ्या, पण मूळ मालकाची जबाबदारी सुटलेली नाही. सगळेच ठेकेदार चोर नसतात, आमच्याकडचा नंतरचा बरा होता. पालिकाही खरोखर कंगाल असतात, निवडणूक तोंडावर असली की घरपट्टीची वसुली करायची कुणाची छाती होत नाही. आणि मी स्वतः कायम होतो. सातव्या वेतनाचा फरक घेतला, आज पेन्शन घेतो. मावशींना पेन्शनचे काय मिळत असतील ते विचारायला मी गेलेलो नाही.

माहिती अधिकारात अर्ज कराल तेव्हा देयकांच्या नकला मागून थांबू नका, मूळ फाइलचं अवलोकन मागा. झेरॉक्सच्या झेरॉक्सवर व्हाइटनर दिसत नाही. मूळ कागद खिडकीशी नेऊन उजेडाला धरला की खालचा महिना वाचता येतो.