टीव्हीसाठी नवा कॉम्प्युटर घेण्याआधी जुन्याची परीक्षा घ्या

प्रश्न : वेगळा टीव्ही न घेता कॉम्प्युटरवरच टीव्ही पाहायचा आणि कार्यक्रम रेकॉर्ड करायचे, असं आम्ही ठरवलं आहे. घरात आठ वर्षांपूर्वीचा डेस्कटॉप आहे. विक्रेत्याने नवा कॉम्प्युटर, वेगळं ग्राफिक्स कार्ड, टीव्हीचे सिग्नल पकडणाऱ्या चार ट्यूनरचं कार्ड आणि ८ टीबीची डिस्क सुचवली आहे. खर्च माझ्या दीड महिन्याच्या पगाराएवढा. अर्धे पैसे अडीअडचणीसाठी ठेवलेल्या रकमेतून आणि उरलेले बिनव्याजी हप्त्यांनी द्यावेत का?

उत्तर : अडीअडचणीच्या पैशाला हात लावू नका. विक्रेत्याच्या यादीतल्या निम्म्याहून अधिक वस्तूंची तुम्हाला आज गरजच दिसत नाही.

सगळ्यात आधी तुमचे चॅनेल घरात कसे येतात ते पाहा. अँटेनावर मिळणारं मोफत प्रक्षेपण असेल तर ट्यूनर उपयोगाचा. केबल किंवा डिशचे सशुल्क चॅनेल मात्र बहुधा एन्क्रिप्ट केलेले, म्हणजे कुलूपबंद असतात. ते उघडायला सेवा देणाऱ्या कंपनीचं कार्ड आणि ते चालवणारं कॅम मॉड्यूल लागतं. कंपनी फक्त स्वतःचा सेट-टॉप बॉक्स देत असेल तर कितीही भारी ट्यूनर आणलात तरी ते चॅनेल दिसणार नाहीत. बॉक्सची एचडीएमआय वायर कॅप्चर कार्डला (बाहेरचं चित्र कॉम्प्युटरमध्ये घेणाऱ्या कार्डाला) जोडायला जाल, तर तिथे कॉपी रोखणारं एचडीसीपी संरक्षण आडवं येतं. प्रक्षेपणाची पद्धतही जुळायला हवी : अँटेनावरच्या डिजिटल प्रक्षेपणाच्या जुन्या, नुसत्या डीव्हीबी-टी पद्धतीसाठी बनवलेला ट्यूनर नवं डीव्हीबी-टी२ पकडत नाही. स्वस्तात मिळणाऱ्या वापरलेल्या ट्यूनरमध्ये पैसे बुडतात ते बहुतेक इथेच.

आता ग्राफिक्स कार्ड. एमपीईजी-२ किंवा एच.२६४ या जुन्या व्हिडिओ फॉरमॅटमधलं एचडी प्रक्षेपण तुमच्या डेस्कटॉपमधलं अंगचं (वेगळ्या कार्डाशिवायचं) ग्राफिक्स आरामात पेलेल. शंका फक्त एचईव्हीसी या नव्या फॉरमॅटची. इंटेलच्या सातव्या पिढीपासूनच्या अंगच्या ग्राफिक्समध्ये १०-बिट एचईव्हीसी उलगडण्याची सोय आहे. तुमच्या मशीनमध्ये ती आहे का, हे घरीच कळेल. तुमच्या प्रक्षेपणाच्या फॉरमॅटमधली एखादी क्लिप लावा आणि विंडोजचा टास्क मॅनेजर उघडा. ग्राफिक्सच्या भागात ‘व्हिडिओ डिकोड’चा आलेख वर गेला आणि प्रोसेसर निवांत राहिला, तर नव्या कार्डावर एक पैसाही घालवू नका.

चार ट्यूनरबद्दल विक्रेत्याने एक गोष्ट सांगितलेली दिसत नाही. डिजिटल प्रक्षेपणात एकाच फ्रिक्वेन्सीवर अनेक चॅनेल एकत्र येतात. टीव्हीहेडएंड किंवा मिथटीव्हीसारखं सॉफ्टवेअर त्या एका गठ्ठ्यातले दोन-तीन चॅनेल एकाच ट्यूनरवर एकदम रेकॉर्ड करू शकतं. दोन ट्यूनर असले तर एका घराचं भागतं. तेही यूएसबीचे किंवा नेटवर्कला जोडायचे घ्या. आत बसवायचं कार्ड स्लॉट असलेल्या मशीनलाच चालतं, आणि मिनी पीसीमध्ये, म्हणजे छोट्या डबीसारख्या कॉम्प्युटरमध्ये, तसा स्लॉट सहसा नसतो. पुढे कॉम्प्युटर बदललात तरी बाहेरचा ट्यूनर तसाच कामाला येतो.

खरा हिशेब विजेचा आहे, आणि तो विक्रेत्याच्या कोटेशनमध्ये कधीच नसतो. सतत चालू असलेला प्रत्येक वॅट वर्षाला पावणेनऊ युनिट खातो. जुना डेस्कटॉप ७० वॅट घेतो असं धरा. दिवसरात्र चालू ठेवला तर वर्षाला सुमारे ६१३ युनिट. १० वॅटचा मिनी पीसी तसाच चालू ठेवला तर सुमारे ८८. हा फरक पाहून नवं मशीन घ्यावंसं वाटेल, पण थांबा. तोच डेस्कटॉप एरवी स्लीपमध्ये राहिला आणि रेकॉर्डिंगच्या वेळी टायमरवर जागा होऊन दिवसाला चारच तास चालला, तर वर्षाचे सुमारे १०२ युनिट होतात, वर स्लीपमधली किरकोळ वीज. दोन्ही जवळपास सारखेच! म्हणजे तुमचा निर्णय मुख्यतः एकाच गोष्टीवर अडला आहे : जुना डेस्कटॉप वेळेवर झोपतो आणि जागा होतो का? आठवडाभर रोज एक रेकॉर्डिंग लावून बघा. तो दगा देऊ लागला, किंवा पंख्याचा आवाज असह्य झाला, तर मिनी पीसी जरूर घ्या. तो खर्च मी वायफळ म्हणणार नाही.

८ टीबीची डिस्क तूर्त नको. सेकंदाला १० मेगाबिटचा एचडी चॅनेल तासाला साडेचार जीबी जागा घेतो. १ टीबीत दोनशेहून जास्त तास मावतात. भरली की दुसरी जोडता येते.

राहिले हप्ते. विक्रेत्याला विचारा, सगळे पैसे रोख दिले तर किंमत किती? रोखीची सूट आणि हप्त्यांचं प्रक्रिया शुल्क यांची बेरीज हेच तुमचं व्याज. आणि मुळात एवढ्या खरेदीला हप्त्यांची गरज उरत नाही. अँटेनावरचं मोफत प्रक्षेपण तुम्हाला पुरत असेल तर या महिन्यात चांगला अँटेना आणि परत करण्याची मुदत असलेला दुहेरी ट्यूनर घ्या, तोही पगारातून. मिनी पीसीसाठी पुढच्या महिन्यापासून थोडी रक्कम बाजूला टाकत राहा. डेस्कटॉप चाचणीत पास झाला तर ती अडीअडचणीच्या खात्यात वळवा.