वाचकांचे प्रश्न : डोजोत जायचंय, पण...

मागच्या अंकात जपानमधल्या गल्लीतल्या डोजोंबद्दल लिहिलं होतं, म्हणजे वॉर्डाच्या स्पोर्ट्स सेंटरमध्ये संध्याकाळी हॉल भाड्याने घेऊन ज्युडो, केंडो (बांबूच्या तलवारीचा खेळ), आयकिडो शिकवतात ते. त्यावर एवढे प्रश्न आले की हा अख्खा अंक त्यांनाच देतेय. पत्रं थोडी कापलीत, रागावू नका.

प्रश्न : ताई, आम्ही टोकियोत निशी-कासाईला राहतो. मुलगा 8 वर्षांचा. ठाण्यात कराटे क्लासला जायचा तेव्हा दर तीन महिन्यांनी परीक्षा, नवा पट्टा, सर्टिफिकेट, सगळं व्यवस्थित होतं. इथे ज्युडोला घातला तर सहा महिने झाले तरी नुसत्या कोलांट्या आणि पडणं चाललंय, वर मॅट अंथरायच्या, झाडायच्या, गुंडाळायच्या. फी अगदीच कमी आहे म्हणून शंका येते की हे लोक सिरियसली शिकवतात का? त्यात आता आईवडिलांचीही ड्युटी लावलीये. — एक आई

उत्तर : आधी फीचं. ती कमी आहे कारण तिथे कोणी पोटासाठी शिकवत नाही. तुमचे सेन्सेई, म्हणजे शिकवणारे, दिवसा कुठेतरी नोकरी करत असतील किंवा रिटायर झालेले असतील, आणि तुम्ही देता ते पैसे जातात हॉलच्या भाड्यात, इन्शुरन्समध्ये आणि फार तर वर्षाअखेरच्या खाऊत. म्हणून तर आईवडिलांची तोबान लागते, हजेरी घेणं, दार उघडणं, कोणाला लागलं तर फोन करणं. आपण पैसे भरून क्लास लावला अशा हिशेबाने बघितलं की ही ड्युटी जाचक वाटते, पण तो क्लास नाहीये, मंडळ आहे, आणि तुम्ही आता त्याच्या मेंबर आहात.

आता पडण्याचं. याला उकेमी म्हणतात, आणि मला विचाराल तर सहा महिने तेच करून घेणारा डोजो चांगलाच. हनुवटी छातीला लावून ठेवायची, नजर पट्ट्याच्या गाठीकडे, हात मॅटवर सपाट आपटायचा, डोकं टेकू द्यायचं नाही. हे अंगात मुरायच्या आधी मुलाला फेकलं, खास करून ओसोतोगारीने, म्हणजे मागून पाय काढून सरळ पाठीवर पाडतात त्याने, तर डोक्याचा मागचा भाग आपटतो. जपानच्या शाळांमध्ये 1983 पासून पुढच्या तीसेक वर्षांत ज्युडो खेळताना शंभराहून जास्त मुलं गेली, त्यात डोक्याच्या दुखापती खूप, आणि 2012 मध्ये मिडल स्कूलमध्ये बुडो (ज्युडो, केंडोसारख्या युद्धकला) सक्तीचं झालं तेव्हा यावर इथे बराच गदारोळ झाला होता. तुम्हाला घाबरवायला सांगत नाहीये, तर कोलांट्यांना टाइमपास समजू नका म्हणून सांगतेय. सहा महिन्यांत पोरगा चारचौघांना फेकायला लागला असता तर मी म्हटलं असतं, काढा त्याला तिथून.

पट्ट्यांबद्दल सांगायचं तर ज्युडोचे जनक जिगोरो कानोंनी 1882 मध्ये टोकियोतल्या एका देवळात 12 तातामींच्या, म्हणजे चटयांच्या, जागेत कोडोकान ही ज्युडोची पहिली शाळा सुरू केली आणि पुढच्याच वर्षी दोन शिष्यांना पहिला दान (वरच्या दर्जाची पहिली पायरी) दिला, तेव्हा हे रंगीबेरंगी पट्टे नव्हतेच. रंगांची शिडी नंतर युरोपात रुजली आणि मुलांचा उत्साह टिकवायला सगळीकडे पसरली, त्यात वाईट काही नाही, पण दर तीन महिन्यांनी पट्टा म्हणजे दर तीन महिन्यांनी परीक्षा फी हेही लक्षात घ्या. केंडोत तर पट्टाच नाही! समोरचा पहिल्या दानचा आहे की सातव्या, हे कपड्यांवरून कळत नाही, दोन मिनिटं खेळल्यावर मात्र छान कळतं. आणि तिथे 8 व्या दानच्या परीक्षेला बसायलाच वय किमान 46 लागतं, सातवा मिळून 10 वर्षं झालेली लागतात, आणि पास होतो शंभरात जेमतेम एक. अशा लोकांच्या देशात सहा महिने म्हणजे काहीच नाही हो.

मेडलची काळजी असेल तर अजून एक. 2022 मध्ये जपानच्या ज्युडो फेडरेशनने प्राथमिक शाळेतल्या मुलांची राष्ट्रीय वैयक्तिक स्पर्धाच बंद केली, कारण जिंकण्याच्या नादात मोठी माणसं मुलांची वजनं कमी करायला लावत होती आणि प्रशिक्षक, पालक मॅटच्या कडेने आरडाओरडा करत होते. म्हणजे इथेही सगळे साधुसंत नाहीत.

प्रश्न : मी पुण्याचा, वय 41, कंपनी दोन वर्षांसाठी योकोहामाला पाठवतेय. आयकिडो शिकायचंय, सेल्फ डिफेन्स म्हणून. जपानी येत नाही, डावा गुडघा कुरकुरतो. घेतील का मला? — एक आयटीवाला

उत्तर : घेतील. पण थेट गि, म्हणजे सरावाचा पोशाख, विकत घेऊन, बॅग लावून दारात उभे राहू नका, आधी केनगाकु करा म्हणजे नुसतं जाऊन बघा, एक तास कडेला बसा. विचारायला जपानी शब्द चार पुरतात. बसून काय बघायचं तर सगळ्यात नवखा माणूस शोधा आणि त्याच्याकडेच लक्ष ठेवा. जुने लोक त्याच्याबरोबर हळू करतात की त्याच्यावर हात साफ करून घेतात? मनगट पिळल्यावर त्याने मॅटवर थाप मारली की लगेच सोडतात का? सेन्सेई काय करून दाखवतात त्यापेक्षा हे महत्त्वाचं, कारण सेन्सेईंचं तुम्हाला तसंही काही कळणार नाहीये.

योकोहामातही डोजो आहेत, पण टोकियोत शिंजुकुला आयकिकाई या आयकिडोच्या मोठ्या संघटनेचं मुख्य डोजो आहे, आयकिडोचे जनक मोरिहेई उएशिबा यांच्या घराण्याचं. सकाळी साडेसहालाच क्लास सुरू होतो, परदेशी लोक भरपूर, नवशिक्यांचे वर्ग वेगळे, तिथे भाषेची अडचण कमी. तरी माझं मत घराजवळच्याला, कारण ऑफिसनंतर ट्रेनने तासभर जायचं आठवड्यातून दोनदा, हे पहिल्या पावसापर्यंत टिकतं.

गुडघ्याचं पहिल्याच दिवशी सांगा. नुसतं सेइझात बसणं आपल्याला तितकं जड नाही, वज्रासनच ते, पण आयकिडोत गुडघ्यांवर चालत करायचं तंत्र असतं, सुवारी-वाझा, ते चांगल्या गुडघ्यांचीही वाट लावतं. सांगितलंत तर तेवढा भाग उभ्याने करू देतात, कोणी नाक मुरडत नाही. न सांगता सोसलंत तर गांबारू, म्हणजे नेटाने सोसणारा, म्हणून कौतुक होईल आणि गुडघा जाईल.

सेल्फ डिफेन्सचं स्पष्ट बोलते, दोन वर्षांत आयकिडोने मारामारी येत नाही. आयकिकाईत स्पर्धा नसतात, दोघं मिळून सराव करतात, समोरचा ठरल्याप्रमाणे हल्ला करतो आणि ठरल्याप्रमाणे पडतो, त्यातून अंतर, तोल, वेळ हे सगळं शिकता येतं आणि ते फार सुंदर आहे, मी त्यासाठीच जाते. पण ज्याला खरोखर फेकून घ्यायचं नाहीये अशा माणसाला फेकायचं असेल तर ज्युडोलाच जा, आणि योकोहामात रात्री एकट्याने फिरताना तसंही कोणी अडवणार नाही.

प्रश्न : कराटे, कुंगफू हे सगळं मूळचं आपलंच ना? बोधिधर्म दक्षिणेतून चीनला गेला, शाओलिनच्या भिक्षूंना शिकवलं, तिथून जपानला. हे तुम्ही लिहीत का नाही? — सांगलीचे एक काका

उत्तर : काका, लिहीत नाही कारण पुरावा नाही. बोधिधर्म चीनला गेला ही परंपरा जुनी आहे, पाचव्या-सहाव्या शतकातली, झेनवाले त्याला आद्य गुरू मानतात, दारुमा बाहुली त्याचीच. पण त्याने व्यायाम किंवा मारामारी शिकवली ही गोष्ट ज्या ग्रंथातून येते तो सतराव्या शतकातला, म्हणजे मध्ये हजारेक वर्षांचा खड्डा. कराटेचं घर ओकिनावा, तिथल्या लोकांचं चीनच्या फूच्यान प्रांताशी येणंजाणं होतं, तिथून बरंच आलं आणि स्थानिक हाताच्या विद्येत मिसळलं. गिचिन फुनाकोशी 1922 मध्ये ते टोकियोत दाखवायला घेऊन आले, तोपर्यंत मुख्य जपानात फारसं कोणाला माहीतही नव्हतं. आपल्याकडे कुस्ती आहे, मल्लखांब आहे, मर्दानी खेळ आहेत, अभिमानाला तेवढं पुरे की, दुसऱ्याच्या घरावर पाटी कशाला लावायची.

प्रश्न : नात टोकियोत केंडो शिकते. व्हिडिओ कॉलवर बघितलं, आत शिरताना वाकून नमस्कार, मग भिंतीला नमस्कार, मग एकमेकांना. हे त्यांच्या देवाचं काही आहे का? आमचा विरोध नाही, पण कळलेलं बरं. — नाशिकची आजी

उत्तर : आजी, कोल्हापूरच्या तालमीत शिरताना माती कपाळाला लावतात ना, तसंच धरा. काही जुन्या डोजोंमध्ये भिंतीवर शिंतो देव्हारा असतो, कामिदाना, तिथे वाकणं थोडंफार देवाचंही असतं. वॉर्डाच्या सरकारी हॉलमध्ये तो सहसा नसतो, मुलं समोरच्या भिंतीकडे तोंड करून वाकतात, तो जागेला आणि आधीच्या लोकांना मान. कोणाला नसेल करायचं तर सेन्सेईंशी आधी बोलावं. जोडीदाराला केलेला नमस्कार मात्र सोडता येत नाही, कारण पुढच्या क्षणी त्याच्या डोक्यात बांबू हाणायचा असतो, त्याची परवानगीच समजा ती.

प्रश्न : मुलगी 12 वर्षांची. तिचे केंडोचे सेन्सेई फार ओरडतात, परवा एका मुलाला चिलखत नसलेल्या जागी मुद्दाम शिनाईने, म्हणजे बांबूच्या तलवारीने, मारलं. बाकीचे पालक गप्प. ही इथली शिस्तच आहे का? — नाव नको

उत्तर : नाही. केंडोत आवाज असतोच, कियाई, म्हणजे जोरदार आरोळी, दिल्याशिवाय फटका फटकाच धरत नाहीत, त्यामुळे हॉलबाहेरून ऐकलं तर खून पडतोय असं वाटतं, तो ओरडा वेगळा. मुलाला सगळ्यांसमोर लाज वाटेल असं बोलणं आणि उघड्या अंगावर मुद्दाम मारणं याला शिस्त म्हणत नाहीत, आणि आता जपानीही म्हणत नाहीत. 2013 मध्ये राष्ट्रीय महिला ज्युडो संघातल्या 15 जणींची मारहाणीची तक्रार उघड झाली तेव्हा मुख्य प्रशिक्षकाला राजीनामा द्यावा लागला, म्हणजे ऑलिम्पिकच्या पातळीवर जे चालत नाही ते वॉर्डाच्या हॉलमध्ये कशाला चालेल? तारीख आणि काय घडलं ते लिहून ठेवा, डोजोच्या प्रमुखांशी बोला, ते स्वतःच असतील तर वॉर्डाच्या क्रीडा विभागाकडे आणि केंडोच्या स्थानिक संघटनेकडे जा. आणि मुलीला तोवर पाठवू नका. पालक गप्प आहेत कारण प्रत्येकाला वाटतंय बाकीच्यांना चालतंय, एकीशी बोलून बघा.

प्रश्न : इआइदो (म्यानातून तलवार उपसण्याची कला) शिकतो. नागपूरला परत येताना तलवार आणता येईल का? — चिबातला विद्यार्थी

उत्तर : सरावाची इआइतो मिश्रधातूची असते, धार नसते, ती जपानातून नेण्यात अडचण कमी. खरी पोलादी असेल तर नोंदणीचं कार्ड लागतं आणि देशाबाहेर न्यायला सांस्कृतिक विभागाचं प्रमाणपत्र. भारतातला प्रश्न मात्र वेगळा, आपल्या शस्त्रांच्या नियमांत 9 इंचांहून लांब पातं बसतं, तेव्हा इआइतोसाठीसुद्धा कस्टम्सला आधी लेखी विचारा, विमानतळावर "धार नाहीये साहेब" म्हणत बसू नका.

प्रश्न : बायकोच्या केंडोच्या निळ्या कपड्यांमुळे घरातले सगळे पांढरे कपडे निळे झालेत!! आणि हातमोज्यांचा वास... — त्रस्त नवरा

उत्तर : ती खरी नीळ आहे, सुटणारच. पहिल्या काही वेळा बादलीत गार पाण्यात थोडं व्हिनेगर घालून वेगळं भिजवा, मशीनमध्ये इतर कपड्यांबरोबर कधीच नाही, वाळवायचं सावलीत. कोते, म्हणजे ते हातमोजे, धुवायचे नसतात शक्यतो, घाम पुसून, आतून उलगडून वाऱ्यावर ठेवायचे, बॅगेत कोंबून रात्रभर ठेवलेत तर वास जाणार नाही आणि मग पुढच्या आठवड्यात बायकोचा सरावातला जोडीदार मला पत्र लिहील.